काळं तेवढं आपलं

होळी झाली की आमच्या गल्लीत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वर्षभराची धूळ, वाळून कडक झालेलं गवत आणि एखादं मेलेलं झुरळ घेऊन ते दारात उभे राहतात, आणि प्रत्येक घरातला कर्ता माणूस हातात स्क्रूड्रायव्हर धरून त्यांच्याकडे मोठ्या सर्जनसारखा बघतो. मग नवीन गवत येतं, त्यावर पहिलं पाणी पडतं आणि ओल्या लाकडाचा वास घरभर पसरतो. ज्या शहरात नळाला पाणी येणार ही बातमी पाहुणे येणार असल्यासारखी एकमेकांना कळवली जाते, तिथं रोज बादल्या भरभरून पाणी एका पत्र्याच्या डब्याला पाजायचं, हा आमचा उन्हाळा. यंदाही तो वास आला आणि माझं डोकं उठलं. लोकांना उन्हाळ्याच्या वासाने आंबे आठवतात, आजोळ आठवतं. मला एका काचेवर उमटलेली इंग्रजी सूचना आठवते, जिचा अर्थ एवढाच होता की मला गरम होतंय, मी काम करणार नाही.

तो उन्हाळा मी एक काळा रंग शोधण्यात घालवला. ऐकायला हे फार कलावंतासारखं वाटतं. प्रत्यक्षात मी दुकानांतून, कार्यशाळांतून आणि विशीतल्या मुलांनी केलेल्या व्हिडिओंमधून घाम पुसत फिरत होते, आणि मी काही विचारायच्या आत सगळे मला एकच विचारत होते, "मॅडम, बजेट काय?"

मी शाळेत चित्रकला शिकवते. या कामाविषयी बाहेर बरेच गैरसमज आहेत. पाहुणे येणार असतील तर फलक लिहायचा, पाहुणे गेले की तो पुसायचा, पाहुणे कोण हे ठरलं नसेल तर नावाची जागा मोकळी सोडून लिहायचा, हे मुख्य काम. उरलेल्या वेळात मुलांना दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नदीकाठचं नारळाचं झाड यांपासून परावृत्त करायचं. मराठवाड्यातल्या मुलांना नारळाचं झाड कुठं दिसतं, हे मला अजून कळलेलं नाही. बाभूळ काढा म्हटलं तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

वाघमारे बाई आमच्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या कन्नडला, आपल्या माणसांत राहायला गेल्या. त्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा त्यांचा फोन आला.

"नीला, मी एक गोष्ट लिहिलीय. बारक्या पोरांसाठी. पुण्याच्या प्रकाशकानं घेतली. चित्रं तू काढायची. मी सांगून टाकलंय तसं."

बाईंनी सांगून टाकलं की विषय संपतो. शाळेत त्यांच्यापुढे मुख्याध्यापकही खुर्चीतून अर्धे उठायचे.

गोष्ट छोटीच होती. एका मुलीच्या घरी अर्धलीनं वगार येते. वगार म्हणजे अजून न व्यालेली, वाढत्या वयातली म्हैस. आणि अर्धलीनं म्हणजे जनावर दुसऱ्याचं, वैरणपाणी आपलं, आणि ते मोठं झालं की त्याच्या किमतीत अर्धा वाटा पाळणाऱ्याचा. मुलगी बापाला विचारते, "आबा, यातली आपली अर्धी कोणती?" तो म्हणतो, वैरण टाक आधी. मग ती आपल्या मनानेच ठरवते. वगार काळीकुट्ट असते, कपाळावर तेवढा एक पांढरा चांद असतो. काळं तेवढं आपलं, पांढरं मालकाचं. त्या दिवसापासून ती वगारीला घासूनपुसून काळी ठेवते. अंगावर वाळलेला चिखल पांढुरका दिसायला लागला की ओढ्यावर नेऊन धुते, बगळा पाठीवर बसून घाण करून गेला की परकराच्या टोकाने पुसते, भिंतीचा चुना लागला की रडकुंडीला येते. मालकाचा वाटा वाढायला नको.

गोष्टीत एवढंच होतं. ती मुलगी कोण, हे मी बाईंना विचारलं नाही. बाईंच्या वडिलांना जमीन नव्हती आणि लहानपणी त्यांच्या दारात दुसऱ्याची जनावरं असायची, हे मला ठाऊक होतं.

पुण्याहून संपादक मुलीचा फोन आला. आवाज गोड, वाक्यं अर्धी इंग्रजी.

"मॅम, फायनल आर्ट आम्हाला डिजिटल लागेल हं. लेयर्समध्ये."

"लेयर्समध्ये म्हणजे?"

"म्हणजे आकाश वेगळ्या थरावर, गवत वेगळ्या, कॅरॅक्टर वेगळ्या. नंतर काही हलवायचं झालं तर सोपं पडतं."

"काय हलवायचंय?"

"तसं काही नाही मॅम. ऑप्शन असलेला बरा."

मे महिना संपायच्या आत चित्रं हवी होती. जमलं नाही तर त्यांचा पुण्यातला स्टुडिओ होताच. त्या स्टुडिओने केलेला एक नमुना तिने मला पाठवला, फक्त मूड कळावा म्हणून. त्यात तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचं एक गुबगुबीत वासरू होतं. लांब पापण्या, गालांवर लाली, गळ्यात घंटा. वर मजकुरातही 'वगार' खोडून 'वासरू' केलेलं होतं, कारण वगार म्हटलेलं शहरातल्या मुलांना कळणार नाही. काळा रंग मोबाइलवरच्या छोट्या चित्रात उठून दिसत नाही, असंही कळलं. मी ते बाईंच्या मोबाइलवर धाडलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन.

"नीला, हे दुधाच्या पिशवीवरनं उतरून आलंय का गं?"

"नमुना आहे म्हणे. मूडसाठी."

"मूड राहू दे. हिशेब बघ की. अर्ध्याच्या वर पांढरं हाय. पुण्यात बसून सगळी वगार मालकाला देऊन टाकली त्यांनी."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काळी होत नसंल तर माझं नाव काढून टाका म्हणावं पुस्तकावरनं. दुसरं काय नाय मागत मी."

म्हणजे आता असं होतं की मे संपायच्या आत मला डिजिटल चित्र काढता यायला हवं होतं, आणि त्यात वगार काळी यायला हवी होती. नाहीतर बाईंच्या आयुष्यातलं पहिलं आणि बहुधा एकमेव पुस्तक लाल गालांच्या वासरावर निघणार होतं, तेही बिननावाचं.

माझा नवरा श्रीकांत चितेगावच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्याच्या मते जगातला कोणताही प्रश्न तीन कोटेशनं मागवली की सुटतो. आमचं लग्न ठरलं तेव्हाही त्याने आधी दोन मुली पाहिल्या होत्या, तेव्हा पद्धतीत खंड नाही. चित्रासाठी काय लागतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एक पाटी असते, तिच्यावर विशेष पेनने काढायचं, कॉम्प्युटरला जोडायची. त्याने ते तसंच्या तसं लिहून तीन ठिकाणी पाठवलं आणि सर्वांत कमी भाव आला तिथून वस्तू मागवली. खोका उघडला तर आत तळहाताएवढी पट्टी. बँकेत गिऱ्हाइकाची सही घ्यायला काउंटरवर ठेवतात, ती.

"यात काय वाईट आहे?" श्रीकांत म्हणाला. "पाटी आहे, पेन आहे, जोडता येतं. तू दिलेल्या वर्णनात बसतंय सगळं."

"यावर वगारीचा एक कान मावेल."

"मग वर्णनात माप टाकायला पाहिजे होतं."

खरेदी विभागाशी वाद घालता येत नाही. ती वस्तू परत गेली.

मग मी निराला बाजारात एका दुकानात गेले. दुकान इतकं थंड होतं की निम्मी गिऱ्हाइकं बहुधा त्यासाठीच आली असावीत. तिथल्या माणसाने काचेवर तीन वस्तू मांडल्या: एक बिनपडद्याची काळी पाटी, एक पडद्यावरच काढायचा मोठा तक्ता आणि एक झोकदार टॅबलेट, ज्याला हात लावण्याआधी त्याने स्वतःचे हात पुसले.

"मॅडम, इसमें आठ हजार प्रेशर लेव्हल है."

"आठ हजार कशाला?"

"हौ ना मॅडम. जितना दबाव, उतनी लाइन मोटी."

माझ्या हाताला तीनच दाब माहीत आहेत, हलका, जोराचा आणि मुख्याध्यापकांनी निरोप धाडल्यानंतरचा. तसं मी त्याला सांगितलं. तो नम्रपणे हसला आणि त्याने विचारलं, "आप बनाते क्या, मॅडम?"

"म्हैस."

"भैंस?" तो क्षणभर गंभीर झाला. मग झोकदार टॅबलेट माझ्याकडे सरकवत म्हणाला, "भैंस के लिए तो मॅडम, प्रो मॉडलइच लेना पडता."

हे ज्ञान त्याला कुठून झालं होतं, देव जाणे. पण त्या उन्हाळ्यात मला भेटलेल्या सर्व तज्ज्ञांमध्ये म्हशीबद्दल निश्चित मत असलेला तो एकटाच.

डिजिटल चित्रकलेवर एक कार्यशाळा जालना रोडवरच्या एका हॉटेलात होती, तिथंही जाऊन आले. पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलनाच्या वेळी समई पंख्याने विझत राहिली, म्हणून पंखे बंद केले. समई लागली, पण तोवर पहिल्या रांगेतल्या एक बाई घेरी येऊन बाहेर गेल्या. मग सत्कार. बेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसांच्या खांद्यांवर शाली पडल्या, आणि ती माणसं त्या शाली अंगावर तशाच ठेवून, घामाने निथळत, तंत्रज्ञानाच्या झेपेविषयी बोलली. 'आता कलावंताला मर्यादा उरलेली नाही' हे वाक्य प्रत्येकाने म्हटलं. मर्यादा उरलेली नसूनही प्रोजेक्टर काही लागला नाही. शेवटी मुख्य मार्गदर्शकांनी आपल्या टॅबलेटवर एक गणपती काढला आणि तो आम्ही एकेकाने पुढे जाऊन, दर्शनाच्या रांगेत उभं राहून पाहिला. मी त्यांना विचारलं, "सर, काळा रंग कसा मिळवायचा?" ते म्हणाले, "रंगाच्या चाकात अगदी खाली, कोपऱ्यात असतो." आणि माझ्या हातात प्रमाणपत्र ठेवलं.

कलाशाळेत आमच्या सरांनी काळ्या रंगाची ट्यूब विकत घ्यायला बंदी केली होती. गडद निळा आणि भाजका तपकिरी एकत्र घोटायचा, म्हणायचे, मग काळा जिवंत होतो. तसा घोटलेला काळा सावलीत निळा वाटतो, उन्हात लालसर. म्हशीचाही तसाच असतो. भर उन्हात म्हैस पाहिली तर तिच्या कानांच्या कडा गुळासारख्या दिसतात, पाण्यातून निघाली की पाठीवर आभाळ असतं. पडद्यावरचा काळा म्हणजे मात्र तेवढ्या भागातला दिवा विझवणं. तिथं काही नसतं. मी त्या चाकाच्या खालच्या कोपऱ्यातून काळा घेऊन वगार रंगवली, तेव्हा ती कुरणात उभी दिसली नाही. कुरणाला वगारीच्या आकाराचं भोक पडलेलं दिसलं.

दुकानातलं प्रो मॉडेल परवडणारं नव्हतं, म्हणून हे प्रयोग मी शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमकडून उसन्या आणलेल्या टॅबलेटवर करत होते. त्यांच्या मुलीने परदेशातून पाठवलेला, सासरच्या चांदीच्या ताटासारखा जपलेला. काचेवर पेन असं निसटायचं की प्रत्येक रेघ बर्फावरून चालल्यासारखी. तळहाताला घाम आला की पडदा तळहातालाच पेन समजायचा आणि चित्रात आपोआप एक ढग उमटायचा. यावर उपाय म्हणून दोनच बोटांचा एक काळा हातमोजा मिळतो. तो घालून मी बाईंशी व्हिडिओवर बोलायला बसले, तर त्यांचा पहिला प्रश्न, "भाजलं का गं हाताला?" आणि दुपारी कूलर थंड हवेऐवजी दमट वाफ फेकायला लागला की ती काच तापायची, सूचना यायची, पडदा विझायचा. मी पुठ्ठ्याने तिला वारा घालत बसायचे. आजारी माणसाला घालतात तसा.

चित्र काढायचं सॉफ्टवेअर दर महिन्याला भाड्याने मिळतं, हे कळलं तेव्हा मी तो व्हिडिओ थांबवून पाणी प्यायले. भाडं थकलं तर आपण काढलेली चित्रं आपल्यालाच उघडता येत नाहीत. फुकटातही एक होतं, त्यात ब्रशच शेकड्यांनी. अस्सल कोळसा. अस्सल कोळसा, दमट. अस्सल कोळसा, दमट, जुना. माझ्या कपाटात कोळशाच्या कांड्यांचा एक डबा आहे, त्यातल्या कुठल्याच कांडीला स्वतःविषयी इतकं सांगायचं नसतं. शिवाय हात स्थिर करणारी एक सोय असते. ती चालू ठेवली की रेघ गुळगुळीत, वळणदार येते, शाळा तपासणीच्या दिवशी मुलं बसतात तशी. त्यात माझा हात कुठला, हे मलाही ओळखता येईना.

आणि चुकलं की परत फिरा. पडद्यावर दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ नाहीशी होते. ही सोय सगळ्यात वाईट. कागदावर चुकलेली रेघ तशीच राहते, मग पुढची रेघ तिला सांभाळून घेते, आणि त्या सांभाळून घेण्यातून काहीतरी होतं. इथं मी वगारीचा मागचा पाय इतक्या वेळा पुसला की अखेरीस तो कसा असतो हेच विसरले. परवा सातवीच्या वर्गात एका मुलीची रेघ चुकली. तिने कागदावर दोन बोटं टेकवली आणि वाट बघितली. मग आपण कुठं आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळून हसली. मला तिला रागवता आलं नाही. त्या उन्हाळ्यानंतर मी स्वतः एकदा पोळपाटावर बोटं टेकवली आहेत.

मे अर्धा सरला तरी माझ्याकडे दाखवण्यासारखं एक पान नव्हतं. पुण्याहून निरोप आला, "मॅम, काही अपडेट?" त्याच आठवड्यात श्रीकांत कारखान्यातून एक जुनी पाटी घेऊन आला. डिझाइन विभागाने मोडीत काढलेली, बिनपडद्याची, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. हिच्यावर हात चालवायचा आणि चित्र लॅपटॉपच्या पडद्यावर उमटणार. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. मी ती दोनदा वापरून पाहिली आणि दोन्ही वेळा वगारीचे डोळे तिच्या पोटावर उमटले. श्रीकांत दाराशी उभा राहून म्हणाला, "कोटेशन मागवलं नव्हतं यावेळी." ते माफी मागण्याच्या बऱ्यापैकी जवळचं होतं.

शेवटी बाईच म्हणाल्या, "ये इकडं. समोर बघून काढ. आमच्या भावाच्या गोठ्यात हाय एक, अगदी तशीच."

मी दोन्ही यंत्रं आणि लॅपटॉप कापडी पिशवीत घालून एसटीने कन्नडला गेले. वेरूळ मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा उन्हात डोळे मिटल्यासारख्या उभ्या होत्या. मुलांना याच काढा म्हणते मी. गोठा गावाच्या कडेला होता. वगार बाहेर, ओढ्याच्या डबक्याकाठी. मी इंग्रजीच्या मॅडमचा टॅबलेट काढला. भर उन्हात त्या काचेत मला फक्त माझाच चेहरा दिसला, घामेजलेला, वैतागलेला, मागे आभाळ. वगारीने पुढे येऊन काच चाटली. मग ती ओळखीची सूचना आली आणि पडदा विझला.

बाई बाजेवर बसून बघत होत्या. "तुझ्या पाटीला ऊन लागलं गं," त्या म्हणाल्या. "कांदा फोडून लाव जरा."

मी गोठ्यात सावलीला गेले. लॅपटॉप पोत्यावर ठेवला, चहाच्या डागाची पाटी मांडीवर घेतली.

"ही कसली पाटी?" बाई म्हणाल्या. "घासायचं हितं आन् उमटायचं तिकडं?"

"तसंच आहे ते."

"मंग बघायचं कुठं?"

वगार आत येऊन उभी राहिली होती, आणि वैतागाच्या एका टोकाला गेल्यावर माणूस जसं करतो तसं मी केलं: ना पाटीकडे बघितलं, ना पडद्याकडे. वगारीकडे बघत राहिले आणि हात सोडून दिला. ती खाली बसली, उठली, माशा वारत राहिली. बऱ्याच वेळाने मान वळवून पाहिलं तर पडद्यावर रेघांचा गुंता होता. एक पाय गायब, दोन शेपट्या.

बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. "हां," त्या म्हणाल्या. "आता बसली."

"कुठं बसली?"

"अगं ही, तुझी. म्हैस बसताना पुढचं गुडघं आधी टेकती. तुझ्या रेघंत टेकलंय बघ. त्या पुण्याच्या वासराला गुडघंच नव्हतं."

मी पाटीची निवड केली असं म्हणणं खोटं ठरेल. बाकीचं सगळं उन्हाने बाद केलं आणि ती उरली.

रंगाचं मात्र अजून अडलं होतं. घरी परतल्यावर एका दुपारी लॅपटॉपच्या पांढऱ्याफेक पानाने डोळे दुखायला लागले, म्हणून मी वैतागून सगळं पान गडद निळ्या-तपकिरीने भरून टाकलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. थोडा वेळ त्या अंधाराकडे बघत बसले. आणि मग खोडरबर घेऊन त्यातून उजेड काढायला सुरुवात केली. आधी आभाळाची कड, मग पाण्यावरची तिरीप, मग वाळलेला चिखल, गवताची पाती, मुलीचं परकर-पोलकं. जे जे वगार नाही ते सगळं पुसून, खरवडून बाहेर काढलं. वगारीला हातच लावला नाही. ती पहिल्यापासून तिथं होती. शेवटी कपाळावर एकदा रबर टेकवलं आणि चांद आला.

ते चित्र बाईंना पाठवलं. थोड्या वेळाने त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप आला. सुरुवातीला नुसताच पंख्याचा आवाज होता. मग बाई म्हणाल्या, "वास येतोय गं." एवढंच.

अशी सगळी पानं झाली, मे संपायच्या आत. आणि तेव्हा कुठं मला थरांचा प्रश्न नीट कळला. पुण्याला सगळं वेगवेगळ्या थरांवर हवं होतं, म्हणजे वगार एकटी उचलून उजळ करता आली असती, तिच्या गालांवर काही चढवता आलं असतं, गळ्यात काही अडकवता आलं असतं. माझ्या पानांत उचलण्यासारखं काही सुटं नव्हतंच. आकाश आणि वगार एकाच अंधारातले. वगार फिकी करायची तर आभाळही फिकं होणार, पाणीही, मुलगीही. मी हे समजावून सांगणारा मजकूर लिहायला घेतला, तीनदा खोडला. मग मला आठवलं की आपण शाळेत इतकी वर्षं काढली आहेत. वरून मागितलेलं सगळं, मागितलं त्याच नमुन्यात, कसं द्यायचं हे आपल्याला येतं.

मी प्रत्येक फाइलमध्ये थर केले. प्रत्येकाला शुद्धलेखनासहित नाव दिलं. आकाश. ढग. गवत. घंटा. पापण्या. गालांची लाली. ते सगळे रिकामे ठेवले आणि फाइल पाठवून दिली.

"मॅम, फाइल्स मिळाल्या," संपादक मुलगी फोनवर म्हणाली. "लेयर्सना नावं किती नीट दिलीत. पण 'आकाश' बंद केलं तर काहीच होत नाहीये. 'घंटा' पण ब्लँक आहे. 'गालांची लाली' पण."

"हो."

"मग सगळं आहे कुठं?"

"सगळ्यात खालच्या थरावर."

"सगळं? एकाच?"

"एकाच."

माउस टकटकत असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "पण मॅम, यातून वगार वेगळी कशी काढायची?"

'वगार' म्हणाली ती. वासरू नाही. बहुधा तिच्या लक्षात आलं नसावं.

"नाही निघत वेगळी," मी म्हटलं.

"सरांना विचारून सांगते."

पुढचे काही दिवस मी कूलरशी भांडण्यात घालवले. बाई रोज फोन करून काहीबाही बोलायच्या आणि पुस्तकाचं नाव काढायच्या नाहीत. मी पण काढत नव्हते. मग पुण्याहून दोन ओळी आल्या. चित्रं आहेत तशी छापायला जात आहेत. वगार हा शब्द राहील, खाली बारीक अक्षरात अर्थ देऊ. ही कौतुकाची पावती नव्हती. छापखान्याची तारीख ठरली होती आणि स्टुडिओला नव्याने काही करायला वेळ उरला नव्हता. पण जगातल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी दुसऱ्या कुणाच्या गडबडीमुळे वाचलेल्या असतात, तेव्हा मी तक्रार केली नाही. पुस्तकावर बाईंचं नाव पूर्ण आलं, वडिलांच्या नावासह.

प्रती आल्या तेव्हा मी कन्नडला गेले. बाईंनी पुस्तक उघडून आधी वास घेतला, मग पान उन्हात तिरकं धरून काळा बघितला, निळा कुठं आणि लाल कुठं. शेजारची पहिलीतली मुलगी कडेला येऊन उभी होती, तिला त्यांनी ओट्यावर बसवलं आणि शाळेतल्या त्याच ठाशीव आवाजात वाचायला सुरुवात केली. वगार आली. अर्धी कोणती आपली, हे विचारून झालं. काळं तेवढं आपलं.

"आन् हे पांढरं?" मुलीने विचारलं.

"ते मालकाचं."

मुलीने त्या चांदाकडे नीट निरखून पाहिलं. मग त्यावर आपला अंगठा ठेवला. बाई पान उलटायला गेल्या तर उलटेना.

"अगं, अंगठा काढ की. पुढं गोष्ट हाय."

"नाय."

"मंग कशी वाचू मी?"

"तुम्ही तोंडानं सांगा," ती म्हणाली. "मी हितं दाबून धरलंय."